घाटाच्या पोटातली गुहा

१९७३ सालच्या माघातली दुपार. वासुदेव दुर्गाघाटाच्या शेवटच्या पायरीवरून पाण्यात उतरला. काम साधं होतं. गंगेनं घाटाच्या पोटात एक गुहा कोरली होती. ती किती आत गेली आहे, तेवढं मोजून यायचं. पाठीवर हवेची टाकी, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक रामधनी नावाड्याच्या हातात.

वरच्या पायरीवर त्याची आई, अंबिकाबाई, शाल घेऊन बसल्या होत्या. तीस वर्षांपूर्वी इथंच त्यांची नऊ वर्षांची शरदिनी बुडाली होती. ती सापडली नाही, म्हणून ती गेली असं त्यांनी कधी म्हटलंच नाही.

"वासू, जल्दी नको करूस," एवढंच त्या म्हणाल्या.

आत वीसेक हातांवर छत खाली आलं. पाय लागून गाळ उसळला. विजेरीचा उजेड आधी दुधासारखा झाला, मग दिसेनासाच झाला. परतायला वळला तर दोर दगडांत अडकलेला. ओढला, सुटेना. हवा संपत आली होती. त्यानं दोर कापला आणि भिंत चाचपत निघाला... भिंत संपेचना. कानांत फक्त स्वतःचा श्वास.

तेव्हा कुणीतरी त्याचा अंगठा धरला.

नुसता अंगठा. लहानपणी मंगला गौरीच्या गल्लीतून शरदिनीताई त्याला असंच धरून न्यायची. बोटं इवलीशी होती, कोमट होती. पस्तिशीचा वासुदेव मुकाट मागे गेला. पुढं हिरवट उजेड दिसला, तशी बोटं थांबली. त्यानं त्यांना ओढून पाहिलं. ती हळूच सुटली.

वर आल्यावर तो आईजवळ बसून धापा टाकत राहिला.

"ताई होती, आई..."

अंबिकाबाईंनी शाल त्याच्या खांद्यावर टाकली. मग विचारलं, "मोठी झालीय?"

"नाही. तेवढीच आहे."

"भैया," खालून रामधनीचा दबका आवाज आला. "आप तो ऊपर हैं... फिर नीचे कौन है?"

त्याच्या हातातला दोर ताणला गेला होता. तीन झटके आले. थोडं थांबून पुन्हा तीन. ठरलेल्या खुणांत त्याचा अर्थ एकच होता : मला वर घ्या.

वासुदेव उठेपर्यंत अंबिकाबाई खाली पोचल्याही होत्या. त्यांनी रामधनीच्या हातून दोर घेतला, पदर खोचला आणि ओढू लागल्या.

"सावकाश ये गं," त्या पाण्याकडे पाहून म्हणाल्या.

दोर जड लागत होता... आणि येत होता.