शेवट सांगू नकोस

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटली नाही तरी माझी हरकत नाही. घडली ती माझ्यासमोर, आणि आजही निस्तरते आहे ती मीच.

यात रात्र नाही. अमावास्या नाही, पडका बंगला नाही. भर दुपार होती आणि घामाने जीव नकोसा झाला होता. आमच्या पंचांगातला गेल्या वर्षीचा सातवा महिना. तोंगकांग बंदर, मासळी बाजारामागचं छोटं देऊळ.

मी देवळांत सिनेमे लावते. आ-फा मामांचा निळा टेम्पो, एक पडदा, एक प्रोजेक्टर, दोन भोंगे. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. कुणाचा नवस फेडायचा असला की आम्हाला बोलावतात, आणि आम्ही देवाला सिनेमा दाखवतो. सातव्या महिन्यात मात्र खेळ देवासाठी नसतो...

तो पाहुण्यांसाठी असतो. ज्यांच्या नावाने कुणी भाताची वाटी ठेवत नाही, जे समुद्रात गेले आणि ज्यांचं काहीच हाती लागलं नाही, ते सगळे या महिन्यात परत येतात. आम्ही त्यांना भुतं म्हणत नाही. पाहुण्यांना कुणी असं म्हणतं का?

पहिली रांग त्यांची, तिथे कुणी बसायचं नाही. सुरू केलेला सिनेमा आपण होऊन थांबवायचा नाही. आणि संपला की हात जोडून मोठ्याने सांगायचं, खेळ संपला, आता आपापल्या वाटेने जा. आमच्याकडे शेंबडं पोरही हे जाणतं.

त्या वर्षी देवळाच्या समितीने फर्मान काढलं, खेळ दुपारी लावा. रात्री भोंगे वाजले की समोरच्या इमारतीतले लोक तक्रार करतात. आता दुपारी पडद्यावर काय कपाळ दिसणार? मी मंडपाला काळी कापडं बांधली, तरी वरून ऊन गळतच होतं. समिती म्हणाली, पाहुण्यांना काय फरक पडतो. मी दात-ओठ खात खुर्च्या मांडायला घेतल्या.

तसंही ते वर्षभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कारण दादा.

माझा मोठा भाऊ चिएन-होंग. टुना मासे पकडणाऱ्या बोटीवर होता. बोटीवरून घरी आला की आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसून मी आणलेले नवे सिनेमे बघायचो, आणि बघताना कचाकचा भांडायचो. मारामारीचा सिनेमा लावला की म्हणायचा, "वीस जणांना लोळवलं तरी ह्याचा भांग मोडत नाही. मी एक मासा ओढला तर आठवडाभर पाठ धरते." विनोदी सिनेमा लावला तर म्हणायचा, पडणारी माणसंच बघायची असतील तर बंदरावर ये, तिथे रोज कुणीतरी घसरतं. भुताच्या सिनेमांवर तर त्याचा दातच होता. बाई आधी दिवा का लावत नाही, एवढा एकच प्रश्न तो दोन तास विचारायचा.

सिनेमा आवडला नाही की उठून जायचा नाही. खुर्ची फिरवायचा आणि पडद्याकडे पाठ करून बसायचा. कलिंगडाच्या भाजलेल्या बिया दाढेखाली फोडत. कट्... कट्... टरफलं एकात एक खोचून त्यांचं लांबलचक शेपूट करायचा आणि माझ्या चहात सोडायचा. मी खूप चिडायचे.

शेवटचा सिनेमा आम्ही बघितला तो प्रेमकथेचा होता. एक शेवयावाली बाई आणि एक टपालवाला. मला वाटलं, हा पहिल्या पाच मिनिटांत खुर्ची फिरवणार.

नाही फिरवली. बियाही फोडल्या नाहीत.

बाई डबा घेऊन स्टेशनवर उभी होती, गाडी येत होती, आणि दादाचा फोन वाजला. बोट ठरल्या वेळेआधीच निघणार होती. त्याने पिशवी उचलली आणि दारातून माझ्यावर बोट रोखून म्हणाला, "शेवट सांगू नकोस हं. आल्यावर बघतो."

बोटीचा रेडिओवरचा आवाज त्याच हिवाळ्यात बंद झाला. ना बोट सापडली, ना माणसं. बाकीच्या घरांनी महिन्या-दोन महिन्यांत डोळे पुसून वाट्या ठेवल्या. आमच्या आईने नाही ठेवली. जिवंत पोराच्या नावाने वाटी ठेवतात का, असं विचारून ती रोज त्याचा बिछाना झटकत राहिली. मला तिचा राग यायचा. आणि मी तरी काय करत होते? ती डिस्क पिशवीत घेऊन हिंडत होते. शेवट मीही बघितला नव्हता.

तर ती दुपार.

पहिला सिनेमा मारामारीचा लावला. नवीकोरी डिस्क. मंडपात कुणी नव्हतं. मामा टेम्पोत घोरत होते. पहिल्या रांगेत लाल खुर्च्या, सगळ्या पडद्याकडे तोंड करून. मी स्वतःच्या हाताने मांडल्या होत्या.

नायकाने पहिला ठोसा मारला... आणि चित्र थिजलं.

मी डिस्क पुसली, पुन्हा लावली. पुन्हा त्याच ठोशावर गाडी अडली. मामांना उठवलं. मामा म्हणाले, कौल घेऊ. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे देवापुढे टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे म्हणजे नकार. मामांनी विचारलं, पाहुणेहो, सिनेमा पसंत आहे का?

दोन्ही पालथे.

विनोदी सिनेमा लावला. नायक केळीच्या सालीवरून घसरायला गेला आणि हवेतच थिजला. कौल, नकार. भुताचा लावला. बाई अंधाऱ्या जिन्यात शिरली आणि थिजली. नकार. माझं डोकं तापलं. फुकटात बघायचं आणि वर नखरे. समिती, ऊन, यंत्र, मामांचं घोरणं, सगळ्याचा राग एकदम आला. मी पडद्यासमोर जाऊन ओरडले, "मग बघायचंय तरी काय तुम्हाला?"

मंडपात एकदम शांतता पसरली. बाहेरच्या बाजाराचा आवाजही थांबला.

आणि मागून ऐकू आलं...

कट्.

मी वळले. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची फिरलेली होती. पडद्याकडे पाठ करून.

वारा नव्हता. मामा माझ्या शेजारीच उभे होते, हातात ठोकळे धरून. त्यांनीही खुर्ची बघितली. 

कट्... कट्...

खुर्चीखाली काही नव्हतं. एक टरफलसुद्धा नाही. नुसता आवाज येत होता.

मामा हळूच म्हणाले, "लिएन, ती दुसरी डिस्क आहे ना तुझ्याकडे?"

मी नाही म्हटलं. मामांनी माझ्या पिशवीकडे बघितलं आणि ठोकळे टाकले. एक उताणा, एक पालथा. पुन्हा टाकले. तसेच. तिसऱ्यांदाही तसेच.

शेवटी लावली. शेवयावाली आणि टपालवाला. चित्र कुठेही अडकलं नाही. उन्हातही पडदा स्वच्छ दिसत होता. बियांचा आवाज थांबला. मी घाबरत घाबरत कडेला बघितलं, तर खुर्ची पडद्याकडे वळलेली होती.

मला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त येत होता. वर्षभर एक खूण दिली नाहीस, आणि आलास तो असा? ह्यांच्यात बसून? आणि आलेला तूच कशावरून?

बाई डबा घेऊन स्टेशनवर आली. गाडी येऊ लागली. त्याने शेवट बघितला की मला हात जोडून म्हणावं लागणार होतं, खेळ संपला, आपापल्या वाटेने जा. ते मी म्हणणार नव्हते. मेले तरी म्हणणार नव्हते.

मी वायर उपटली.

मामा मोठ्याने नको म्हणाले, पण तोवर पडदा पांढरा झाला होता. मी त्या खुर्चीकडे बघून म्हटलं, "बाकीचा घरी येऊन बघ."

 खुर्चीचं प्लास्टिक करकरलं, कुणी उठल्यासारखं. मग शेजारची खुर्ची करकरली. मग तिच्या शेजारची...

सगळी रांग करकरली.

मामांनी माझं मनगट धरलं. "नाव घेतलंस का गं? घरी ये म्हणताना त्याचं नाव घेतलंस का?"

नव्हतं घेतलं. सातव्या महिन्यात पहिल्या रांगेकडे बघून मी घरी ये म्हटलं होतं, आणि नाव घेतलं नव्हतं.  पडदा न गुंडाळताच मामा टेम्पोत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची टीव्हीकडे तोंड करून होती. खाली बियांची टरफलं. आई जमिनीवर बसून ती गोळा करत होती आणि रडता रडता हसत होती. "आला गं. माझा आला," एवढंच म्हणत होती. तिने भाताची वाटी भरली. पूर्वजांच्या फळीपुढे नाही, टेबलावर, दादाच्या जागी.

मी टरफलं हातात घेऊन बघितली.

सगळी सुटी होती. मधोमध चावून थुंकलेली. दादाने कधी बी अशी फोडली नाही.

आईला काय सांगणार? वर्षभरात पहिल्यांदा ती पोटभर जेवली होती. काही दिवसांनी दुसरी खुर्ची फिरली. मग तिसरी. सातवा महिना संपला, पाहुणे जायचे ते गेले म्हणतात. आमच्याकडचे गेले नाहीत. मी मामांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की अर्धा सिनेमा बघितलेला माणूस कशाला उठेल. शेवट दाखव, हात जोड, मोकळी हो.

मी एकदा डिस्क काढलीही होती. आईने ती हातातून घेतली आणि उशीखाली ठेवली. "संपवलास तर तोही जाईल," म्हणाली. मी तिला ओरडून विचारलं की हे कोण आहेत ते तुला तरी माहीत आहे का. ती शांतपणे म्हणाली, बोटीवरची पोरं असतील, त्याचे मित्र, उपाशी आहेत बिचारे.

आता चारही खुर्च्या भरलेल्या असतात. आई उभ्यानेच जेवते. टीव्ही बंद असतो आणि खुर्च्या त्याच्याकडे तोंड करून वाट बघत असतात. मी कुठलाही सिनेमा लावला की चारही जागच्या जागी पाठ फिरवतात.

रोज सकाळी केर मीच काढते. टरफलं एकेक करून बघते. एकात एक खोचलेलं शेपूट सापडलं नाही, म्हणजे ही घरात बसलेली परकी माणसं, आणि दादा कुठेतरी जिवंत असू शकतो. एकदाही सापडलं नाही. रोज मला हायसं वाटतं, आणि रोज भीतीही वाटते.

आज सकाळी चौथ्या खुर्चीखाली दोन टरफलं होती. एक दुसऱ्यात अडकलेलं.

दोनच. केर लोटताना आपोआपही अडकतात.

आईने विचारलं, "काय गं, काय सापडलं?"

मी म्हटलं, काही नाही, आणि मूठ मिटून खिशात घातली. अजून उघडलेली नाही.