घरात कुणीतरी बसा

मंगळवारी दुपारी बाळाला ताप आला म्हणून मी त्याला दवाखान्यात नेलं. झालं ते एवढंच. यात माझं काय चुकलं, हे मी अजून स्वतःलाच विचारते.

आम्ही दौंडला राहतो, रेल्वे लाइनीच्या पलीकडं, चर्चच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, वर पत्रा. हे कुरकुंभच्या एका कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी. माझं माहेर मांडवगण फराट्याचं. स्वराज आमचा पहिलाच. बाप्तिस्म्याचं नाव योसेफ, पण घरात स्वराजच. तेव्हा त्याला आठवा महिना लागला होता.

उपवासकाळ चालू होता. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे आमचे चाळीस दिवस. त्या दिवसांत आमच्या गल्लीत एक रीत आहे. चर्चमधला जुना लाकडी क्रूस, माझ्या खांद्याला लागेल एवढा, एकेका घरी आठवडाभर मुक्कामाला येतो. शुक्रवारी क्रुसाची वाट, म्हणजे प्रभूच्या दुःखाची चौदा ठिकाणांची प्रार्थना, झाली की सगळे मिळून तो पुढच्या घरी पोचवतात. मग आठवडाभर त्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना, गाणी, शेवटी काळा चहा. आणि क्रूस घरात आहे तोवर घर रिकामं ठेवायचं नाही. त्याच्यासमोर चटई टाकून कुणीतरी बसलेलं पाहिजे. मरणाच्या आदल्या रात्री प्रभू बागेत तळमळला तेव्हा त्याची माणसं झोपून गेली, म्हणून आपण तरी त्याला एकटं सोडायचं नाही, असं अनसाबाई सांगतात. अनसाबाई गल्लीत सगळ्यांत जुन्या. फादर बदलून जातात, अनसाबाई तिथंच असतात.

चौथ्या शुक्रवारी क्रूस आमच्याकडं आला. मी उंबऱ्यावर पाणी घातलं आणि तो आतल्या भिंतीला टेकवून ठेवला. तिथंच शेजारी स्वराजची साडीची झोळी. पुढच्या आठवड्याला क्रूस शेजारच्या मालनबाईंकडं जायचा होता, म्हणून त्या नीट बघायला आल्या होत्या.

“पोराला आन् प्रभूला एकाच भिंतीला जागा दिलीस व्हय गं?”

“दुसरी भिंत कुठंय मावशी? तिकडं ह्यांचा टीव्ही हाय.”

“मग टीव्हीला काढ की बाहेर. त्यो बी करंल चाळीस दिस उपास.”

सगळे हसले. हेसुद्धा हसले. एवढ्या माणसांनी भरलेलं आमचं घर मला किती चांगलं वाटत होतं.

शनिवार, रविवार, सोमवार मी चटईवरच होते. भाजी तिथंच निवडली. आंघोळीला जायचं तर मालनबाईंना हाक मारायची. मंगळवारी ह्यांची पहिली शिफ्ट. अनसाबाई कुणाच्या तरी वर्षाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, शिरूरला गेल्या होत्या. दुपारी बारा-साडेबाराला पत्रा तापून तडतडायला लागला आणि स्वराजचं अंगही तसंच तापलं. आधी मला उन्हाचं वाटलं. मग त्यानं डोळे वर केले.

मी ह्यांना फोन लावला. कंपनीत फोन गेटवरच ठेवून घेतात. मालनबाईंच्या दाराला कुलूप. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी पोराला खांद्यावर टाकलं, पिशवी घेतली आणि दारातून मागं वळून बघितलं. क्रूस भिंतीला टेकलेला. मेणबत्ती मी विझवली होती, चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती. मला फार अपराध्यासारखं झालं. मी त्या रिकाम्या खोलीला म्हणाले, “मी आलेच. तोवर घरात कुणीतरी बसा हो.”

आणि कुलूप लावून पळाले.

दवाखान्यात रांग होती. डॉक्टरांनी सुई दिली, पातळ औषध दिलं, घाबरू नका म्हणाले. परत यायला पावणेदोन तास लागले.

कुलूप होतं तसंच होतं. दार उघडलं तर आत गार. बाहेर एवढं ऊन, पत्रा तापलेला, आणि आत माठाजवळ बसल्यासारखं गार. वास येत होता ओल्या मातीचा, आणि खूप दिवस बंद असलेल्या पेटीतल्या कपड्यांचा.

चटई क्रुसासमोर अंथरलेली होती.

मी तिच्यावर हात ठेवला. एवढ्या गारठ्यात तेवढीच एक जागा गरम होती. माणूस बराच वेळ बसून उठल्यावर लागते तशी. आणि झोळी हलत होती. जोरात नाही. पोर झोपल्यावर आपण शेवटचे दोन झोके देतो ना, तशी.

मी स्वतःला समजावलं, गडबडीत मीच टाकली असेल चटई. पिशवीतलं औषध काढायचं म्हणून मी स्वराजला झोळीत ठेवलं. ठेवायला नको होतं. ठेवल्याबरोबर तो रडायचा थांबला. थोड्या वेळानं बघते तर अंग घामानं भिजलेलं, ताप उतरलेला.

त्या संध्याकाळी त्यानं माझं दूध घेतलं नाही. तोंड फिरवलं. रात्री नाही, सकाळी नाही. मी नाचणीचं सत्त्व केलं, त्यानं ओठ मिटून घेतले. पण तो रडत नव्हता. पोट टम्म, लंगोट ओले. खुशाल खेळत होता, क्रुसासमोरच्या मोकळ्या चटईकडं बघून हात हलवत होता. मी त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. दुधाचा वास येत होता. माझ्या दुधाचा वास मला माहीत आहे. तो नव्हता.

शुक्रवारी क्रूस न्यायला माणसं जमायच्या आधी मी अनसाबाईंना चुलीपाशी घेतलं आणि सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“जाताना काय म्हनलीस नेमकं?”

“तोवर घरात कुणीतरी बसा, म्हणाले.”

“नाव न्हाई घेतलंस?”

“घरात कुणी नव्हतंच की आजी. कुणाचं नाव घेणार?”

त्यांनी पदराचं टोक सोडून दिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “नाव घेऊन बसवायचं असतंय, बाळा. मालन तू बस, अमकी तू बस. आन् मागारी आल्यावर नाव घेऊनच उठवायचं… मालन ऊठ, आता मी बसते. तवा ते मानूस उठतंय. तू कुनालाबी बस म्हनलीस. आता उठवशील कुनाला?”

“मग मी काय करू?”

“क्रूस जाईल, तसं तेबी जाईल.” असं म्हणाल्या, पण माझ्याकडं बघितलं नाही.

क्रूस मालनबाईंकडं गेला. मी वाटेत सगळ्यांत मोठ्या आवाजात गायले. घरी येऊन आधी चटईला हात लावला. गरम होती. ह्यांना हात लावायला सांगितला, तर म्हणाले, “दिवसभराचं ऊन हाय पत्र्याचं, दुसरं काय?” मी ती चटई उकिरड्याजवळ नेऊन जाळली. दुसऱ्या दिवशी दुपारी चटई होती तिथल्या फरशीवर पाय पडला. तेवढीच फरशी कोमट होती.

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत बाळांची वजनं होती. मला मनातून वाटत होतं, वजन उतरलेलं निघू दे. म्हणजे कुणीतरी माझं ऐकेल. सेविका सिंधूबाईंनी स्वराजला काट्याच्या झोळीत टांगलं, चष्मा वर केला आणि खूश झाल्या.

“अगं, सातशे ग्रॅम वाढलंय! काय चारतीस काय पोराला?”

“बाई, तो आठवडा झाला माझं दूध पीत नाही.”

“मग काय वाऱ्यावर वाढतंय व्हय? बघा गं बायांनो, हिचं काय ऐकायचं! पोरगं गुटगुटीत, आन् हीच निम्मी झालीया. तू जेव जरा.”

सगळ्या बाया हसल्या. एक म्हणाली, नजर लागेल. मी पण हसले. दुसरं काय करणार? मूल वाळत असतं तर त्याला डॉक्टर आहे, सलाइन आहे. वाढणाऱ्या मुलाची तक्रार कुठं करायची?

माझं दूध दोन दिवसांनी आटलं.

फादर येऊन गेले. चांगले आहेत फादर, तरुण आहेत. त्यांनी चारी कोपऱ्यांत पवित्र पाणी शिंपडलं, स्वराजच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, पहिलं मूल असलं की आईला झोप नसते, मन थकतं, पुण्याला एक डॉक्टरबाई आहेत, हवं तर मी बोलतो. मी हो म्हणाले. मी माहेरीही जाऊन बघितलं. मांडवगणला आईच्या घरी दोन दिवस राहिले. तिथं स्वराज सारवलेल्या जमिनीवर पडून खेळायचा, आणि त्याच्या उशाशी जमीन हातभर कोमट. आई म्हणाली, “लई गुणी पोर हाय, रडत कसं न्हाई गं हे?” मी गाडीत बसले आणि परत आले.

मग एकच राहिलं होतं, तिचं नाव शोधायचं. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारनंतर, सोमवारी सकाळी, मी वही घेऊन कब्रस्तानात गेले आणि दगडांवरची, लाकडी क्रुसांवरची बायकांची सगळी नावं उतरवून आणली. काही अर्धीच राहिली होती. काही जागी नुसता मातीचा उंचवटा, ना दगड ना नाव. त्यांचं काय लिहिणार? दुपारी दार लोटून, ती फरशी समोर धरून बसले आणि वाचायला लागले.

“रंगुबाई, उठा, आता मी बसते.”

झोळी हलत होती.

“पुतळाबाई, उठा… आता मी बसते.”

प्रत्येक नावाला स्वराज झोळीतून खुदकन हसायचा. समोर बसलेल्या माणसानं मान हलवून ‘नाही, नाही’ म्हणावं आणि पोराला त्याची गंमत वाटावी, तसा. शेवटचं नाव झालं. तरी तो पुढच्या नावाची वाट बघत माझ्या बाजूला डोळे मोठे करून राहिला. माझ्याकडं एवढा वेळ त्यानं कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. मी वही मिटली आणि रडले.

उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, दुपारी तीनला सगळी गल्ली चर्चला जाते. मी उपाशी होते. ह्यांना म्हटलं, तुम्ही जा, मी घरी थांबते. मनाशी ठरवलं होतं की आज त्याला खाली ठेवायचंच नाही. मी भिंतीला टेकून बसले, त्याला मांडीवर घेतलं, पदर त्याच्या कमरेभोवती घेऊन माझ्या कमरेला खोचला. गुरुवारपासून घंटा वाजवत नाहीत, त्यांच्या जागी पोरं लाकडी खटखटा वाजवत फिरतात. तो आवाज गल्लीतून गेला, लांब गेला. खट खट… खट खट… पत्रा तडतडत होता. मी डोळे मिटले नव्हते. मिटले असतील तर एखादा श्वासभर.

जाग आली तेव्हा मी आडवी होते. सरळ, पाठीवर, त्या कोमट फरशीवर. पाय पूर्वेला. माझे केस तेल लावून विंचरलेले होते, मधोमध भांग, दोन्ही खांद्यांवरून पुढं आणलेल्या दोन वेण्या. साडीच्या निऱ्या पायांपर्यंत एकसारख्या लावलेल्या. मांडी रिकामी होती. स्वराज झोळीत गाढ झोपला होता, ओठाच्या कडेला दूध सुकलेलं.

मला उठायचं होतं. हात टेकायला गेले तर हात सुटेनात. दोन्ही हात छातीवर जोडलेले, आणि बोटांतून जपमाळ गुंडाळलेली. आमच्यात माणूस गेलं की पेटीत ठेवताना अशीच गुंडाळतात.

मी मान वळवून भिंतीवरच्या खिळ्याकडं बघितलं. माझी जपमाळ तिथंच लटकत होती, ह्यांचीही. ही लाकडी होती, काळी पडलेली, मण्यांच्या भेगांत माती भरलेली.

किती वेळ तशी पडून होते, माहीत नाही. हे आले, दारातच चपला काढत म्हणाले, “झोपली होय? बरं झालं, झोप जरा.” आणि माझ्या अंगावरून जाऊन आधी झोळीत वाकले. पोराला बघून त्यांचा चेहरा उजळला.

“अहो,” मी म्हणाले, “माझे हात सोडवा.”

ते गुडघ्यावर बसले. बराच वेळ खटपट करत राहिले. मग थांबून माझ्याकडं बघितलं, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मला भीती ऐकू आली.

“गाठ कुठंय हिची?” ते म्हणाले. “गाठच न्हाई की गं हिला…”