पाचवी कॉपी

चंद्रभानने केलेल्या लग्नाच्या चित्रणात खोट काढायची सदरच्या बाजारात कोणाची छाती नव्हती. रंग जरा तांबूस आले म्हटलं तरी गडी गिऱ्हाइकाच्या हातून कॅसेट हिसकावून घ्यायचा. पण हात कसबी. बीटा कॅसेटच्या कॅमेऱ्यावर लग्न घ्यायचं आणि दुकानात दोन यंत्रं वायरीने जोडून त्याची घरोघरी चालणारी व्हीएचएस कॉपी काढायची, हा त्याचा शिरस्ता. कॉपीची कॉपी मागणाऱ्याला तो सरळ विचारायचा, "ताकात पानी टाकतच गेलं तं मंग ताक राह्यते का गा?"

त्याच माणसाने शहाऐंशीच्या लग्नसराईत घरच्याच कामात माती खाल्ली. एकुलत्या एका लेकीच्या, देवकीच्या लग्नात त्याने कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यायला साफ नकार दिला. कन्यादान त्याच्या भावाने केलं आणि बाप एक डोळा मिटून कॅमेऱ्यामागे उभा राहिला. एवढं करून महिन्याभराने कोरी कॅसेट मिळेना म्हणून हाताला लागली त्या बीटावर दुसऱ्याचं लग्न घेतलं. ती देवकीची मूळ कॅसेट होती. आता पहिली कॉपी देवकीकडे, कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत. तिच्यावरून काढलेली दुसरी घरी. बायकोने, इंदूबाईने, चार दिवस त्याच्याशी अबोला धरला होता.

जूनमधल्या एका भर दुपारी तो नरखेडच्या बहिणीसाठी, यमुताईसाठी, दुसरीवरून तिसरी काढत बसला. चित्राचा कस उतरला होता. शालूचा लाल रंग काठाबाहेर ओघळला होता, पाहुण्यांचे चेहरे कणकेच्या गोळ्यांसारखे झाले होते. यात नवल काहीच नव्हतं. अंतरपाट दूर झाला, देवकीने हार घातला आणि टीव्हीच्या पडद्याच्या खालच्या कडेने, कॅमेऱ्याच्या बाजूने, एक हात वर आला. तो तिच्या गळ्यावर बसला. दोन सेकंद. मग पुन्हा अक्षता.

त्याने दुसरी लावून पाहिली. तिच्यात हात नव्हता. मग त्याने यंत्राचं झाकण काढून स्पिरिटच्या बोळ्याने टेप वाचणारं हेड पुसलं आणि तिसरी परत लावली. हात होता.

त्याच्या हिशेबाने टेपेतला डाग पुढच्या कॉपीत फिका व्हायला हवा. खात्री करायला म्हणून त्याने तिसरीवरून तेवढ्याच भागाची चौथी काढली.

चौथीत मांडव विरून राखाडी झाला होता. हात मात्र दोन झाले होते आणि त्यांवरचे केस मोजता आले असते. बोटं देवकीच्या गळ्यात रुतली होती. तिच्या अंगावर शालू नव्हता, हिरवं पातळ होतं. सनईची घरघर झाली होती आणि त्या घरघरीतून स्वच्छ आवाज येत होता : धप्, धप्, धप्.

मग त्याने चौथीवरून पाचवी काढली. पडद्यावर नुसत्या मुंग्या. त्यांच्या मधोमध देवकी निळ्या भिंतीला रेटलेली, डोळे पांढरे, ओठांवर फेस, बांगड्यांचे तुकडे उडताहेत. गळा दाबणारा माणूस दिसतच नव्हता, फक्त त्याचे हात. उजव्या तळहाताला पांढरी पट्टी, पट्टीवर बोराएवढा लाल डाग. साऱ्या चित्रात तेवढाच रंग ओघळला नव्हता.

भिंतीवरचा खिळा त्याने ओळखला. कोराडीच्या क्वार्टरमध्ये कॅलेंडरसाठी तो त्यानेच ठोकला होता.

जावयाचं नाव दातांत चावतच त्याने स्कूटर काढली. वाटेत कोळशाच्या ट्रकांमागून धूळ डोळ्यांत जात होती, तरी त्याने वेग कमी केला नाही.

जावयाने, वामनरावांनी, दार उघडलं. रात्रपाळी करून आलेला माणूस, डोळे झोपेने जड. "या मामाजी. एवढ्या उन्हाचे?"

चंद्रभानने आधी त्यांचा उजवा हात पाहिला. पट्टी नव्हती. म्हणजे अजून घडलेलं नाही, आपण वेळेवर पोचलो, असं त्याच्या मनात आलं. आतून देवकी आली. तिच्या अंगावर हिरवं पातळ होतं.

त्याने जावयाची मान धरून तोंड कपाटाच्या काचेवर आदळलं. एकदा. पुन्हा. काच फुटली. वामनरावांच्या नाकातून रक्ताची धार लागली, दात जमिनीवर पडला. पोटात लाथ घालून त्याने त्यांना बाहेर ढकललं आणि आतून कडी लावली.

"बाबा! काहून मारलं त्याहिले?" देवकी किंचाळली.

"तुले मारनार होता तो. म्या पाह्यलं."

"काय पाह्यलं? कवा? बोटसुदिक नाई लावलं त्याहिनं मले!"

चंद्रभानच्या उजव्या तळहातातून रक्त गळत होतं. काच खोल गेली होती. बाप जरा निवला की दार उघडेल, या आशेने तिने वाळत घातलेल्या धोतराची चिंधी फाडली आणि त्याच्या तळहाताला बांधली.

"आता उघडा दार, बाबा."

"तू माह्यासंगं चाल, देवके."

"मी नाई येत." तिने मागे सरून निळ्या भिंतीला पाठ लावली. "हात तुमीच उचलता. आईले इचारा किती डाव मार खाल्ला तिनं. मीच सांगू का?"

त्याच्या डोक्यात सणक गेली. त्याने तिचे खांदे धरले. नुसतं गप्प करायला. त्याला तिचा जीव वाचवायचा होता, दुसरं काही नको होतं.

बाहेरून वामनराव दारावर मुठी मारू लागले. धप्. धप्. धप्.

चंद्रभानची नजर हातावर गेली.

पट्टी पांढरी होती. कोरी, स्वच्छ. त्याला एकदम हायसं वाटलं.

"बाबा, गळा सोडा," देवकी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

पट्टीच्या मधोमध एक लाल ठिपका उमटला आणि बोराएवढा होऊन तिथेच थांबला.