देवडीतला काळा गोटा

किल्ल्याचा मोठा दरवाजा वर्षातून एकदा उघडायचा. एरवी येणंजाणं त्याच्या पोटातल्या दिंडीतून, त्या लहानशा दारातून. दिंडी इतकी बुटकी, की शत्रूनं आधी मान खाली घालावी आणि मगच आत यावं. बत्तीस वर्षं चौकीदारी करूनही जानरावचं टाळकं तिथं रोज आपटायचं. बाहेर शेवंतीची टोपली घेऊन बसलेली त्याची बायको पंचफुला न बघताच विचारायची, "लागली?"

"बांधनाऱ्याले काय मालूम, चौकीदार उंच येईन म्हनून!"

आत गेलेल्यांची मोजणी जानरावनं गोट्यांवर बसवली होती. शिरताना दिंडीलगतच्या, पहारेकऱ्यांनी बसायच्या देवडीत नदीतला एक गोटा ठेवायचा, निघताना उचलायचा. त्याचा स्वतःचा गोटा पांढरा, चुन्याचा टिपका लावलेला. देवडी रिकामी झाली की कुलूप. फक्त एक काळा गोटा कायमचा. तो जानरावच्याही आधीपासून तिथं होता.

"कोनी तरी आत राह्यलं हाये," तो म्हणायचा. रोज संध्याकाळी बुरूज, अंबारखाना, पाण्याचं टाकं पालथं घालून यायचा आणि त्या गोट्याकडं बघत नाइलाजानं कुलूप लावायचा.

आज त्याचा शेवटचा दिवस. चाव्या घ्यायला नवा चौकीदार किशोर येऊन बसला होता. सकाळपासून जानरावचं एकच पालुपद. "कोनाले तरी आत कोंडून रिटायर होऊन राहिलो मी."

पंचफुलाला ते ऐकवेना. दिवेलागणीला तो शेवटच्या फेरीला आत गेला तसा तिनं काळा गोटा उचलून पदराच्या गाठीत बांधला. नवऱ्याच्या सुखासाठी तिनं याहून मोठ्या लबाड्या केल्या होत्या.

गोटा कोमट लागला. देवडीत तर ऊन कधीच येत नसे.

"अवो, या ना आता!"

पावलं वाजली. जानराव दिंडीतून बाहेर आला. टाळकं आपटलं नाही.

"आज नाई लागली? अन् पाहा, काळा गोटा कोनी तरी नेला!"

"मालूम हाये," तो म्हणाला. देवडीकडं त्यानं पाहिलंही नाही. हसला मात्र छान. तिला हायसं वाटलं.

वाटभर ती बडबडली, तो ऐकत राहिला. घराचा दरवाजा चांगला उंच. तरी तो मान खाली घालून आत आला.

"घरात कोनाले वाकून राहिले?" ती हसली आणि भाकरी टाकायला बसली.

तिसरी भाकर तव्यावर असताना फोन वाजला. किशोर होता.

"काकू, काका घरी आले ना?"

"जेवाले बसले. काहून?"

"कुलूप लावाले गेलो, तं देवडीत एक गोटा राह्यला हाये. पांढरा. चुन्याचा टिपका."

पंचफुलानं तवा खाली उतरवला.

"आत तं कोनीच दिसत नाई. पन दिंडीपाशी आवाज येऊन राहिला. कोनाचं तरी टाळकं आपटल्यावानी. पुन्हा पुन्हा."

"कुलूप लावू नोका, किशोरभाऊ. मी येते."

तिनं पदराची गाठ चाचपली. गोटा होता. आता थंडगार.

ती उठली.

"आधी वाढ ना," मागून जानरावच्याच आवाजात, अगदी मायेनं कोणी म्हणालं. "लय वर्सांची भूक हाये."