बारोनच्या गळ्याखालच्या दोन गाठी

वाल्दोमिरोला कुंपणाच्या खांबाला बांधून ठेवलं होतं. त्याची कुबडी चिखलात पडली होती.

जनावरांची डॉक्टर जांदिरा जीपमधून उतरली, तसे बाकीचे गुराखी मान खाली घालून नळीनं तेरेरेचा थंडगार चहा ओढू लागले. मालक ओतासिलियो पुढे आला.

"डॉक्टर, पोलीस निघालेत. यानंच माझा वळू निकामी केला, एवढं लिहून द्या."

बारोन म्हणजे ब्राझीलच्या अख्ख्या मातो ग्रोसो प्रांतात नावाजलेला नेलोर जातीचा वळू. आता त्याचे अंडकोष आक्रसून गेले होते. कुठे व्रण नाही, चिरा नाही. शेजारच्या गाईकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. मालकाची मुलगी लिंदाल्वा त्याला हातानं मीठ चाटवत होती आणि तो मान ताणून गळा खाजवून घेत होता.

जांदिराने तिथेच बोटं फिरवली. कातडीखाली, सुई टोचल्यावर येतात तशा दोन गाठी लागल्या.

"मांसासाठी पाळलेल्या गोऱ्ह्यांना चाकू न लावता खच्ची करायची लस," ती म्हणाली. "ती कुठे असते?"

"स्वयंपाकघराच्या फ्रीजमध्ये. तिथं सगळ्यांचीच ये-जा."

"मग वाल्दोमिरोच कशावरून?"

"बारोननं त्याची मांडी फोडली. तीन महिने हॉस्पिटलात सडला. सूड, दुसरं काय?"

जांदिरा खांबाकडे वळली. "परत कधी आलास?"

"परवा," वाल्दोमिरो म्हणाला. "एका पायावर त्या सैतानाला सुई टोचायला जाईन? मरायची एवढी घाई नाही मला."

"सोडा त्याला," जांदिरा म्हणाली.

"अहो, पण..."

"मालक, या लसीच्या एका डोसानं काही होत नाही. काही आठवड्यांनी दुसरा द्यावा लागतो, आणि त्यानंतरही अंडकोष आटायला वेळ लागतो. हे सगळं झालं तेव्हा हा खाटेवर होता. शिवाय वळूला अडकवून टोचलं असतं, तर सुई वरून, मानेच्या बाजूला लागली असती. या गाठी गळ्याखाली आहेत. बारोन मोकळा उभा होता आणि त्यानं स्वतःहून गळा पुढे केला. तो कुणापुढे करतो?"

सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या. लिंदाल्वाच्या हातातलं मीठ सांडलं.

"यानं पुन्हा कुणाला मारलं तर याला गोळी घालीन म्हणाला होतात, पप्पा. बाटलीनं दूध पाजून वाढवलाय मी त्याला. तो शांत व्हावा, एवढंच हवं होतं."

ओतासिलियोनं बारोनकडे हात केला. "आता काय उपयोग याचा?"

"लस उतरेल काही महिन्यांनी," जांदिरा म्हणाली. "जोर परत येईल. रागही."

दोर सुटताच वाल्दोमिरोने मनगटं चोळली आणि स्वतःच वाकून कुबडी उचलली. लिंदाल्वा त्याच्याकडे धावली.

"मी सांगणारच होते. खरंच. पोलीस आल्यावर..."

"सकाळी मला बांधत होते, तेव्हा तू खिडकीत उभी होतीस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी बघितलं तुला. वाटलं, आता बोलशील."

तो लंगडत फाटकाकडे निघाला. जांदिराने जीपचं दार उघडून धरलं.