उजव्या चाकाखालचा काटा

भावोजींचं विमान वजनाच्या तपासणीत पास झालं. पण ते झालंच नाही असं समजायचं. हँगरमध्ये सगळे तसंच समजून चालतात.

विमान दोन आसनांचं. डावीकडे भावोजी, उजवीकडे ताई. ताई वारली, उजवं आसन रिकामं झालं, पण विमान काही हलकं झालं नाही. धावपट्टीच्या टोकाची झाडं चाकांना लागतात की काय, असं जेमतेम उडायचं. आणि ते उजवीकडे कलायचं, म्हणून एकट्या भावोजींना सुकाणूचा दांडा सतत जरा डावीकडे दाबून धरावा लागायचा.

"इंजिन म्हातारं झालंय," धाकटी म्हणाली. धाकटी म्हणजे ताईची बहीण आणि विमानाची मेकॅनिक. "नाहीतर ते उजवं आसन काढू या."

"आसन राहील. तू ताकद वाढव."

मग धाकटीनं मोठे सिलिंडर बसवले, नवे पिस्टन घातले, पंखा बदलला. इंजिन सुरू झालं तसे हँगरचे पत्रे थरथरले. विमान झाडांवरून असं गेलं, जणू त्यांची ओळखच नाही. भावोजी कितीतरी दिवसांनी हसत उतरले.

"आता दोघांना पुरतं," म्हणाले.

धाकटीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

इंजिनात एवढा बदल केला की विमानाचं वजन पुन्हा करावं लागतं. तिन्ही चाकांखाली काटे ठेवले. डावा काटा शहाण्यासारखा वागला. उजवा एका माणसाइतका जास्त दाखवत होता.

धाकटीनं काटे आलटून पालटून पाहिले. आसनाखाली हात घातला. केसांची एक पिन निघाली. काटा ढिम्म.

भावोजी बराच वेळ त्याच्यावर वाकून होते. "म्हणजे एवढं होतं तर," ते हळूच म्हणाले. "मला पाच किलो कमी सांगितलं होतं हिनं."

विमान किंचित करकरलं.

तेवढ्यात तपासणीस साहेब आले. काटा बघून म्हणाले, "आत काहीतरी राहिलंय. काढा, नाहीतर उड्डाण बंद."

भावोजींनी उजवं दार उघडलं. "जरा उतरतेस का? साहेब जाईपर्यंतच."

काटा खाली आला.

साहेबांनी सही केली, शिक्का मारला आणि आपल्या गाडीकडे निघाले.

"भावोजी, ताईला उतर म्हणालात? ताईला?"

"गंमत नाही गं. विमानच बंद पडलं असतं." ते पुन्हा दाराशी वाकले. "चल, ये आता."

काटा हलला नाही.

"ये ना गं."

फाटकाशी साहेबांची गाडी उभी होती. साहेब एकटेच. बाजूच्या सीटचा पट्टा लावलेला नाही, म्हणून गाडी टूं टूं करत होती. साहेबांनी रिकाम्या सीटकडे पाहिलं, हात लांबवून पट्टा लावला आणि निघून गेले.

भावोजींनी त्याच दिवशी अर्ज धाडला: "आपल्या वाहनातून अनवधानाने गेलेले वजन मूळ आसनावर, आहे त्या स्थितीत परत करावे. सदर वजनास गाडी लागते, तरी येताना खिडकी उघडी ठेवावी, ही नम्र विनंती."