बेलिफाच्या नोंदीतली बाई

बेलिफांशी भांडायला मला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. इंग्लंडमधल्या ग्रिम्स्बीत वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचं सल्ला केंद्र आहे. फुकट सल्ला, पाणचट चहा आणि चार खुर्च्या. अठरा वर्षांत मी थकबाकी वसुलीला दारात येणाऱ्या बेलिफांनी लावलेल्या इतक्या फिया रद्द करून घेतल्यात, की माझा फोन आला की त्यांच्याकडची माणसं म्हणे जेवायला निघून जातात.

रेग ब्लँचर्ड जूनमधल्या एका बुधवारी आला. वय एकाहत्तर. सगळं आयुष्य गोदीवर मासे कापण्यात गेलेलं, डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच. त्यानं बेलिफाची नोटीस माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाला, चष्मा घरी राहिला, तुम्हीच वाचा. चष्मा त्याच्या खिशातून डोकावत होता. मी मनात हसून ती वाचली. असली पत्रं पाहिली की भल्याभल्यांची अक्षरं पळतात.

घरपट्टी थकली होती. ती भरायचं काम बायकोचं, मॅव्हिसचं, आणि मॅव्हिस ऑक्टोबरात गेली. थकबाकी आठवड्याला बारा पौंडांनी फेडायला रेग तयार होता, नगर कौन्सिलही ऐकायला तयार होती. घोडं अडलं होतं बेलिफाच्या फीवर. काल घरी येऊन गेल्याबद्दल दोनशे पस्तीस पौंड, तेही शुक्रवारच्या आत, नाहीतर गाडी जप्त.

"गाडी गेली तर रविवारी तिच्याकडं जाऊ कसा, बाई?" तो म्हणाला.

दफनभूमीकडं रविवारी बस नसते. गाडी बाहेरच उभी होती, तेरा वर्षांची, लहानशी, निळी. शेजारची सीट मॅव्हिसच्या मापानं पुढं ओढलेली होती. ती त्यानं अजून मागं सरकवली नव्हती.

बेलीफ आला तेव्हा तुम्ही घरी होता का, मी विचारलं. नव्हता. मंगळवारी सकाळी तो बटाट्यांना पाणी घालायला गावाकडून भाड्यानं घेतलेल्या भाजीच्या वाफ्यावर जातो. मग घरी कोण होतं? कुणी नाही. किल्ली कुणाकडं असते? कुणाकडंच नाही. मी मनात म्हटलं, सापडला. घरापर्यंत न जाताच फी लावणारे महाभाग मी पाहिलेले आहेत. मी लगेच बेलिफाच्या कंपनीकडून भेटीची नोंद मागवली.

नोंद गुरुवारी सकाळी आली. वेळ अकरा चाळीस. 'दार वयस्कर बाईने उघडले. आत येऊ दिले नाही. नवरा वाफ्यावर गेला आहे म्हणाली. त्याला वाचता येत नाही, आजवर पत्रे मी वाचत होते, आता जमत नाही, त्याच्यावर रागावू नका, असे सांगितले. नोटीस तिच्या हाती दिली.'

हा दुसऱ्याच कुणाच्या दारात गेला, एवढंच मला वाटलं. मी रेगला बोलावून घेतलं आणि नोंद मोठ्यानं वाचली.

तो कानापर्यंत लाल झाला. ही गोष्ट त्यानं कुणालाही कळू दिली नव्हती. गोदीवर नाही, सख्ख्या भावाला नाही. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झालेली, माहीत फक्त मॅव्हिसला.

"तिनं तरी परक्या माणसाला कशाला सांगायचं," तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो टोपीशी चाळा करत राहिला.

मला फार कसंसं झालं. आदल्या दिवशी त्याच्या खिशातला चष्मा बघून मी मनातल्या मनात हसले होते. मी त्याला चहा करून दिला, साखर जरा जास्तच घातली. नोटीस कुठं सापडली होती, ते विचारलं. दाराच्या फटीतून टाकलेली पत्रं पायपुसण्यावर पडतात, ही मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर होती, बरणीला टेकवून. मॅव्हिस तिथंच ठेवायची म्हणे.

रेग बाहेर वाचनालयात जाऊन बसला, पुस्तकांकडं पाठ करून. मी बेलिफाला फोन लावला. कॉलम पिअर्स, आवाजावरून तिशीच्या आतला. त्यानं घराचा नंबर बरोबर सांगितला, दाराचा हिरवा रंगही. बाई बुटकी होती, हातात बशा पुसायचं फडकं होतं.

"मॅडम, मला रोज नुसत्या शिव्या मिळतात," तो म्हणाला. "ती म्हणाली, पोरा, सकाळपासून काही खाल्लंयस का."

तुझ्या अंगावरच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण पाठव, मी म्हटलं.

"मी पाहिलंय ते," तो म्हणाला. "दार उघडतं. मग चार मिनिटं मी एकटाच बोलतोय."

मी फोन ठेवला. खिडकी बंद होती, तरी वारा येतोय का ते उठून एकदा पाहून आले.

नोंद खोटी आहे म्हणायचं, तर ते शाबित करायला महिने गेले असते, आणि गाडी तर उद्याच जाणार होती. नोंद खरी मानली तर भांडण एका ओळीत मिटत होतं. समोरचा माणूस अडचणीत आहे, त्याला पत्रं समजत नाहीत, हे बेलिफाला दारातच कळलं तर त्यानं तिथंच थांबायचं असतं. त्या माणसाला सल्ला घ्यायची संधी न देता ही फी लागत नाही. मी अठरा वर्षं लोकांना हेच सांगते आहे, की दारात एवढं एक वाक्य बोला, आणि ऐन वेळी कुणाच्या तोंडून ते निघत नाही. त्या बाईनं मात्र नेमकं तेच सांगितलं होतं.

मी तक्रार लिहायला घेतली. 'आपल्याच नोंदीनुसार, घरातील व्यक्तीने...'

रेगला वाचून दाखवलं.

"बायको लिहा ना," तो म्हणाला. "तीच आहे ती."

मी बायको लिहिलं. त्यानं खाली सावकाश आपलं नाव काढलं. तेवढं तिनंच त्याला शिकवलेलं होतं.

शुक्रवारी गाडी न्यायला कुणी आलं नाही.

दहा दिवसांनी रेग आला, इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्यासाठी पिशवीभर नवे बटाटे आणले होते. फी रद्द झाली, त्यानं सांगितलं, आणि कंपनीचं पाकीट माझ्या हातात दिलं.

पाकीट बंद होतं. डिंक कुठंही सुटलेला नव्हता.

तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं.

तो सांगू लागला. आधी संदर्भ क्रमांक, आठही आकडे. मग पत्र. 'आपल्या बारा जूनच्या तक्रारीचा आम्ही संपूर्ण विचार केला असून, आपल्या घरी दिलेल्या भेटीपोटी आकारलेली रक्कम...' इथं तो थांबला. हात मांडीवर ठेवून थोडी वाट पाहिली. मग म्हणाला, '...आम्ही मागे घेत आहोत.'

मी पाकीट फोडलं. शब्दन् शब्द तोच होता.

'आकारलेली रक्कम' हे पहिल्या पानावरचे शेवटचे शब्द होते. पुढचं वाचायला मला पान उलटावं लागलं.